सणक, ठणका आणि आंबलेले दात : दातांच्या संवेदनशीलतेची कारणे, निदान व उपाय



सुवर्ण महोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आरोग्याचा विचार होऊ लागला की हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब ही नावे प्रथम पुढे येतात. दातांचा क्रम बहुधा शेवटी लागतो. त्यातही गाल सुजला किंवा रात्रभर झोप लागली नाही, तरच मनुष्य दंतवैद्याची पायरी चढतो. सकाळी चूळ भरताना नळाचे गार पाणी लागले, कैरीच्या एका फोडीने दात आंबले, ब्रश फिरवताना ठरावीक जागी सणक गेली, तर ‘वय झाले, असे व्हायचेच’ असे म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते.

मात्र दुर्लक्षाची किंमत हळूहळू चुकवावी लागते. मनुष्य नकळत एकाच बाजूने चावू लागतो, पेरू-सफरचंद खाणे सोडतो आणि मुख्य म्हणजे दुखऱ्या जागी ब्रश फिरवणे टाळतो. त्या जागी कीटण साचते, हिरडी आणखी खाली सरकते, दाताचे मूळ अधिक उघडे पडते आणि मूळची लहान तक्रार मोठी होते. अनेकांचे चांगले दात केवळ या टाळाटाळीमुळे हिरड्यांच्या रोगाला बळी पडतात.

या तक्रारीला ‘दातांची संवेदनशीलता’ असे म्हणतात. ती का निर्माण होते, तिचे निदान कसे करतात आणि तिच्यावर कोणते उपाय आहेत, याचा विचार येथे करावयाचा आहे. एक गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. संवेदनशीलता हे लक्षण आहे. त्यामागचे कारण प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे असू शकते. म्हणून जाहिरात पाहून टूथपेस्ट आणण्यापूर्वी कोणता दात दुखतो, कशाने दुखतो आणि किती वेळ दुखतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

बोलीतील शब्द आणि निदान

दातांच्या दुखण्यासाठी मराठीत अनेक शब्द रूढ आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे. चिंच, कैरी किंवा लिंबू खाल्ल्यावर एकाच वेळी अनेक दात बोथट, हुळहुळे होतात, त्याला ‘दात आंबणे’ म्हणतात. गार पाणी किंवा वारा लागताच विजेसारखी जाणारी आणि क्षणात थांबणारी वेदना म्हणजे ‘सणक’. कारण दूर झाल्यावरही मिनिटामिनिटाने उसळणारी, रात्री उशीवर डोके टेकल्यावर वाढणारी वेदना म्हणजे ‘ठणका’. आणि घास चावताना, विशेषतः दात एकमेकांवरून उचलताना, एकाच जागी येते ती ‘कळ’.

घरातील वडीलधारी मंडळी हे शब्द सहज वापरतात. दंतवैद्याच्या दृष्टीने त्यांतच निम्मे निदान सामावलेले असते. आंबणे हे आम्लाकडे बोट दाखवते, सणक उघड्या पडलेल्या डेंटिनकडे, ठणका दाताच्या आतील मज्जेच्या दाहाकडे, तर चावतानाची कळ दाताला गेलेल्या तड्याकडे किंवा मुळाशी असलेल्या विकाराकडे. चिकित्सालयात गेल्यावर ‘दात सेन्सिटिव्ह झालेत’ एवढेच सांगण्याऐवजी हा फरक सांगितला, तर निदान निम्म्या वेळात होते.

आपल्या प्राचीन वैद्यकालाही ही तक्रार अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेत जे आठ दंतरोग सांगितले आहेत, त्यांत ‘दंतहर्ष’ हा एक आहे. अष्टांगहृदयात वाग्भटाने त्याचे वर्णन करताना म्हटले आहे की, या विकारात दातांना वारा, आंबट आणि गार पदार्थ सहन होत नाहीत आणि आंबट खाल्ल्यानंतर व्हावे तसे दात होतात. आजचा दंतवैद्यही दातावर हवेचा झोत सोडून आणि गार वस्तू टेकवून हीच परीक्षा करतो. लक्षणांचे निरीक्षण त्या काळीही अचूक होते. कारणाचा उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला.

दाताची रचना आणि वेदनेचे मूळ

दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे कवच असते. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असतो. दाढेच्या टोकांवर त्याची जाडी सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंत असते आणि हिरडीजवळ, म्हणजे दाताच्या मानेपाशी, ती कमी कमी होत संपते. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. त्यामुळे हाड मोडले तर जुळून येते, तसे झिजलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही.

एनॅमलच्या खाली डेंटिन असते. ते तुलनेने मऊ असून त्यात दाताच्या गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. बाहेरच्या बाजूला एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण 20 हजार, तर गाभ्याजवळ 45 हजार व त्याहूनही अधिक नलिका आढळतात. प्रत्येकीचा व्यास एक ते अडीच मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. या नलिकांत द्रव भरलेला असतो आणि त्यांच्या आतील टोकाशी मज्जेतील नसांची अग्रे असतात. मुळावर एनॅमल नसते. तेथे सिमेंटमचा अत्यंत पातळ थर आणि त्यावर हिरडीचे आच्छादन असते. काही दातांत तर एनॅमल व सिमेंटम एकमेकांना मिळतही नाहीत. मध्ये डेंटिनची बारीक पट्टी जन्मतःच उघडी असते. हिरडी जागेवर आहे तोवर ती झाकलेली राहते, एवढेच.

डेंटिनच्या बाह्य पृष्ठभागावर नसा नसतानाही तेथे स्पर्श होताच वेदना का व्हावी, हे दीर्घकाळ कोडे होते. 1900 मध्ये स्वित्झर्लंडमधील दंतवैद्य आल्फ्रेड गीझी यांनी नलिकांतील द्रवाच्या हालचालीमुळे वेदना होत असावी, असा विचार मांडला. पुढे 1960 च्या दशकात स्वीडनचे संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी प्रयोगांच्या आधारे हा सिद्धान्त दृढ केला. गार पदार्थ लागला की नलिकांतील द्रव आकुंचन पावून बाहेरच्या दिशेने सरकतो, हवेचा झोत त्याला सुकवून बाहेर ओढतो, तर गोड व खारट पदार्थ परासरणाने खेचतात. या हालचालीचा हिसका आतील नसांना बसतो आणि सणक जाते. उष्णतेने द्रव आत ढकलला जातो. त्याची वेदना तुलनेने कमी असते. म्हणूनच ‘गरम लागते’ यापेक्षा ‘गार लागते’ ही तक्रार कितीतरी अधिक ऐकू येते.

1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुखणारे आणि न दुखणारे उघडे डेंटिन सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. दुखणाऱ्या दातांच्या पृष्ठभागावर उघड्या नलिकांची संख्या सुमारे आठपट आणि त्यांचा व्यास सुमारे दुप्पट आढळला. नळीचा व्यास दुप्पट झाला की तिच्यातून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण सोळापट होते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. एकाच वयाच्या दोन व्यक्तींच्या हिरड्या सारख्याच सरकलेल्या असूनही एकीला बर्फाचा गोळा सुखेनैव खाता येतो आणि दुसरीला माठातील पाणीही सोसत नाही, याचे उत्तर येथे मिळते. पहिलीच्या नलिकांची तोंडे लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेटने बुजलेली असतात. दुसरीची उघडी असतात.

सारे उपचार याच एका गोष्टीभोवती फिरतात. नलिका बंद करणे किंवा नस शांत करणे, आणि त्या नलिका पुन्हा उघडणार नाहीत अशी सवय लावणे.

संवेदनशीलतेची कारणे

पहिले आणि सर्वांत सामान्य कारण म्हणजे हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडणे. कीटण साचून होणारा हिरड्यांचा रोग, दातांची वेडीवाकडी ठेवण आणि चुकीच्या पद्धतीने दात घासणे ही त्याची मुख्य निमित्ते होत. सुळे व उपदाढा यांच्या बाहेरील बाजूस ही झीज विशेष दिसते. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांमध्ये अनेकदा डावीकडचे दात अधिक झिजलेले आढळतात, कारण त्या बाजूला हाताचा जोर जास्त लागतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या परिसरात सकाळची लोकल गाठण्यासाठी घाईघाईने, करवत चालवावी तसे आडवे दात घासणारे थोडे नाहीत. अशा घासण्याने दाताच्या मानेशी पाचरीच्या आकाराची खाच पडते. ती नखालाही लागते.

दुसरे कारण घासण्याचे साहित्य. राखुंडी, विटेची पूड, कोळशाची भुकटी, मीठ आणि लिंबू यांनी दात क्षणभर पांढरे दिसतात. परंतु तो शुभ्रपणा एनॅमल खरवडून मिळालेला असतो. महाराष्ट्रात अनेक घरांत मशेरी लावण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात झिजवते, हिरड्यांना इजा करते आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास भारत सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. तरीही दात दुखतात म्हणून मशेरी लावणारे आढळतात. मशेरीने क्षणभर बधिरपणा येतो आणि त्याच वेळी दुखण्याचे कारण वाढत जाते.

तिसरे कारण आम्ल. तोंडातील आम्लता ज्या मापाने मोजतात, त्याला पीएच म्हणतात; तो आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र. पीएच सुमारे 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात; डेंटिन तर त्याआधीच विरघळते. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो आणि कोलासारख्या शीतपेयांचा अडीचच्या जवळपास. सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध-पाणी घुटके घेत पिणे, जेवणानंतर लिंबाची फोड चोखणे, संध्याकाळी सोडा, मुलांचे सतत शीतपेय. या साऱ्यांत किती घेतले यापेक्षा दिवसातून किती वेळा आणि किती वेळ घेतले, हे अधिक महत्त्वाचे ठरते. प्रत्येक वेळी लाळेला ते आम्ल निष्प्रभ करण्यास काही काळ लागतो. तो मिळालाच नाही, तर झीज भरून येत नाही. वारंवार पित्त उसळून आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांचे वरच्या दातांचे आतील पृष्ठभाग जठरातील आम्लाने झिजतात. अशा वेळी दंतवैद्याबरोबर पोटाच्या विकाराचे डॉक्टरही गाठावे लागतात.

चौथे कारण झोपेत दात खाणे. लहान मुलांबाबत ही सवय सर्वांना ठाऊक असते. मोठ्या माणसांना मात्र ती स्वतःला कळत नाही. सकाळी जबडा जड वाटतो आणि दाढांचे माथे सपाट झालेले दिसतात.

पाचवे कारण म्हणजे नुकतेच झालेले उपचार. कीटण काढल्यानंतर, दात पांढरे करून घेतल्यानंतर किंवा नवी चांदी-सिमेंट भरल्यानंतर काही दिवस दात गार सहन करीत नाहीत. ‘दात साफ केले आणि दात सैल झाले, पाणी लागू लागले’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. वस्तुतः कीटणाच्या थराने झाकलेले मूळ तो थर निघाल्यामुळे उघडे झालेले असते आणि त्या थराखाली हिरडी व हाड आधीच झिजलेले असते. ही सणक साधारणपणे काही दिवसांत ओसरते. तिच्या भीतीने कीटण तसेच ठेवणे म्हणजे दात गमावण्याची तयारी करणे होय.

निदान : तक्रार एक, कारणे तीन

समजा, तीन व्यक्ती एकाच दिवशी ‘गार लागते’ अशी तक्रार घेऊन आल्या. पहिली पस्तिशीची गृहिणी. तिच्या डाव्या सुळ्याला आणि शेजारच्या उपदाढांना गार पाणी लागले की सणक जाते, पाणी गिळताच थांबते. रात्री काहीही त्रास नाही. हिरडी दीड-दोन मिलिमीटर सरकलेली, दाताला खाच, कीड कोठेही नाही. ही खरीखुरी डेंटिनची संवेदनशीलता होय.

दुसरे साठीचे गृहस्थ. त्यांनाही गार लागते. पण पाणी पिऊन झाल्यावर ठणका मिनिटभर राहतो, आताशा गरम चहाही लागतो आणि रात्री दोन वाजता जाग येते. क्ष-किरण चित्रात दोन दाढांच्या मधल्या फटीत, वरून न दिसणारी कीड मज्जेपर्यंत पोहोचलेली आढळते. येथे कोणतीही टूथपेस्ट उपयोगाची नाही.

तिसरा महाविद्यालयीन विद्यार्थी. त्याला गार लागते, शिवाय सुपारी-चण्यासारखा कठीण पदार्थ चावून सोडताना एका दाढेत कळ येते. क्ष-किरणात काही दिसत नाही. दाढेच्या एकेका टोकावर चावायला देऊन आणि प्रकाशाचा झोत आडवा टाकून पाहिल्यावर तडा सापडतो. त्या दाढेला वेळीच कॅप बसली तर ती वाचते. सहा महिने पेस्ट लावीत बसल्यास ती दुभंगू शकते.

या तिघांच्या उदाहरणावरून निदानाची रीत स्पष्ट व्हावी. डेंटिनची संवेदनशीलता हे निदान इतर सर्व शक्यता वगळल्यानंतरच केले जाते. कीड, तडा, सुटलेली फिलिंग, हिरडीतील पू, मज्जेचा दाह यांपैकी काहीही नाही, याची खात्री प्रथम करावी लागते. त्यासाठी दंतवैद्य कशाने, केव्हा आणि किती वेळ दुखते हे विचारतात. मग शेजारचे दात बोटाने झाकून एकेका दातावर हवेचा झोत सोडतात, टोकदार उपकरण मानेवरून हलके फिरवतात, दातावर ठोकून पाहतात, हिरडीची खोली मोजतात आणि गरजेनुसार क्ष-किरण चित्र घेतात. ही तपासणी थोड्या वेळाची आणि बहुतांशी वेदनारहित असते.

जैन कुटुंबांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बर्फ अभक्ष्य मानून तो वर्ज्य करणाऱ्या आणि उकळलेले पाणी पिणाऱ्या व्यक्तीला गार लागण्याचा प्रसंगच क्वचित येतो. त्यामुळे दात उघडे पडत असल्याची सूचना तिला उशिरा मिळते. अशांनी केवळ दुखत नाही म्हणून निश्चिंत न राहता सहा महिन्यांतून एकदा दात तपासून घ्यावेत.

उपाय : घरचे आणि दंतवैद्याचे

घरच्या उपायांत पहिला मान ब्रशचा. मऊ केसांचा ब्रश घ्यावा, तो पेन धरावा तसा बोटांत धरावा, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवावा. दोन मिनिटे पुरेशी होतात. ब्रशचे केस महिन्याभरात पिसारल्यासारखे पसरले, तर जोर जास्त लागतो आहे असे समजावे. आंबट खाल्ल्या-प्यायल्यानंतर किंवा उलटी झाल्यानंतर लगेच ब्रश करू नये. आम्लाने मऊ झालेला थर त्याने निघून जातो. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा-पाऊण तास थांबावे.

दुसरा उपाय संवेदनशील दातांसाठीच्या टूथपेस्टचा. या पेस्ट दोन प्रकारे काम करतात. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट नसेची उत्तेजना कमी करते. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असलेल्या पेस्ट नलिकांची तोंडे बुजवतात. वेष्टनावर घटक वाचून निवड करता येते. शाकाहाराविषयी काटेकोर असणाऱ्यांसाठी अनेक पेस्टच्या वेष्टनावर हिरवा ठिपकाही असतो. तो नसल्यास उत्पादकाकडे चौकशी करावी, कारण ग्लिसरीनसारखे घटक वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य असू शकतात.

या पेस्टचा गुण दोन-चार दिवसांत येत नाही. दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे सातत्याने वापरल्यावर फरक जाणवतो. चार दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून ती टाकून देणे ही नेहमीची चूक. पेस्ट थुंकून टाकल्यावर लगेच भरपूर चुळा भरू नयेत. झोपण्यापूर्वी थोडी पेस्ट दुखऱ्या मानेवर बोटाने चोळून ठेवल्यास लाभ होतो. मात्र महिनाभर नियमित वापरूनही सणक कायम राहिली, तर डबा बदलण्याऐवजी दंतवैद्याकडे जावे. बारा वर्षांखालील मुलांसाठी अशी पेस्ट दंतवैद्याला विचारल्याशिवाय वापरू नये. मुलांना गार लागत असल्यास बहुधा कीड शोधावी लागते. लवंगेचे तेल तात्पुरता बधिरपणा आणते, परंतु ते वारंवार हिरडीला लावल्यास हिरडी भाजते.

दंतवैद्याकडील उपचारांतही पायऱ्या आहेत. प्रथम दातांच्या मानेला फ्लोराइडचे वार्निश किंवा नलिका बंद करणारे द्रावण लावतात. काही मिनिटांचे काम असते आणि गरजेनुसार ते पुन्हा करता येते. खाच पडली असल्यास ग्लास आयोनोमर किंवा कॉम्पोझिटने ती भरतात. हिरडी बरीच सरकली असल्यास टाळूवरील पेशीजाल घेऊन मूळ झाकण्याची लहान शस्त्रक्रिया करता येते. झोपेत दात खाणाऱ्यांसाठी रात्री लावावयाचे आवरण तयार करतात. रूट कॅनाल हा मज्जेचा दाह झालेल्या दाताचा उपचार आहे. साध्या सणकेसाठी तो करण्याची वेळ क्वचितच यावी आणि अन्य सर्व उपाय थकल्यावरच यावी.

व्रत-उपवास आणि दातांची निगा

दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अदंतधावनाचा समावेश आहे. देहाविषयीची आसक्ती सोडलेल्या, दिवसातून एकदाच आहार घेणाऱ्या साधूंचा तो नियम होय. श्रावकाने दिवसभर चहा, फरसाण आणि मिठाई घ्यावी आणि दातांच्या बाबतीत तेवढा मुनिधर्म पाळावा, हे सुसंगत ठरणार नाही.

दुसरीकडे श्रावकाचे अनेक आचार दातांना हितकारकच आहेत. झोपेत लाळेचे प्रमाण अत्यंत कमी होते. त्या वेळी तोंडात राहिलेले अन्न आणि आम्ल यांचा प्रतिकार करण्यास कोणी उरत नाही. रात्रिभोजनाचा त्याग करणाऱ्यास या संकटापासून सहज संरक्षण मिळते. अट एवढीच की शेवटच्या आहारानंतर दात स्वच्छ झालेले असावेत. चौविहार करणाऱ्यांपुढे येथे अडचण उभी राहते. जेवण सूर्यास्ताच्या अगदी आधी संपते आणि त्यानंतर मुखात काहीच घालावयाचे नसते, तेव्हा अर्धा तास थांबून ब्रश करणे शक्य होत नाही. यावर सोपा मार्ग आहे. संध्याकाळच्या जेवणात लिंबू, कोकम, चिंच, लोणचे टाळावे. आंबट खाल्ले नसेल तर जेवणानंतर लगेच, हलक्या हाताने ब्रश करण्यास हरकत नाही.

उपवासात लाळ कमी झाल्याने तोंड कोरडे पडते आणि काहींना पित्ताचा त्रास होतो. पाणी घेण्याची मोकळीक असेल त्या उपवासात उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट दिवसा मधून मधून घ्यावेत; तोंड ओलसर राहते. पर्युषणातील अठ्ठाई किंवा वर्षीतपासारख्या दीर्घ तपस्येपूर्वी दात तपासून घेणे शहाणपणाचे ठरते. तपस्येच्या मध्यावर ठणका सुरू झाल्यास मनाची एकाग्रता ढळते आणि औषध घेणेही अवघड होते. पारण्याच्या दिवशी उसाचा रस, लिंबू किंवा आंबट फळे घेतल्यावर पाण्याने चूळ भरावी आणि काही वेळाने ब्रश करावा. ज्येष्ठांनी हेही लक्षात ठेवावे की रक्तदाब, ॲलर्जी, निद्रानाश यांवरील काही औषधांनी लाळ कमी होते. दंतवैद्याकडे जाताना चालू औषधांची यादी सोबत न्यावी. मधुमेह असल्यास तो आवर्जून सांगावा, कारण हिरड्यांचा रोग आणि मधुमेह परस्परांना वाढवतात.

उशीर करू नये अशी लक्षणे

पुढीलपैकी काहीही आढळल्यास टूथपेस्टच्या भरवशावर राहू नये : कारण दूर झाल्यावरही वेदना काही सेकंदांपेक्षा अधिक टिकणे; गरम पदार्थाने ठणका लागणे; रात्री आपोआप दुखून जाग येणे; चावताना एकाच दातात कळ येणे; हिरडीवर पुटकुळी किंवा सूज येणे; आणि एखाद्या दातात पूर्वी होणारी तीव्र वेदना एकाएकी पूर्ण थांबणे. शेवटचे लक्षण अनेकांना आनंदाचे वाटते. पण बहुधा मज्जा मृत झाल्याचे ते चिन्ह असते आणि पुढची पायरी गळूची असते.

नौपाड्यात गोखले रोड, राम मारुती रोड परिसरात दंतवैद्यांची अनेक चिकित्सालये आहेत; तपासणीसाठी दूर जावे लागत नाही. खर्चाची चिंता असणाऱ्यांसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आणि मुंबई सेंट्रल येथील महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणे ठाण्याहून लोकलने सहज गाठता येतात. तेथे तज्ज्ञ अध्यापकांच्या देखरेखीखाली अल्प खर्चात उपचार होतात. वेळ मात्र हाताशी ठेवून जावे.

दात झिजतात ते दररोजच्या, क्षुल्लक वाटणाऱ्या सवयींनी, आणि वाचतात तेही तशाच सवयींनी. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आरशासमोर उजेडात उभे राहून सुळ्यांच्या मानेकडे एकदा पाहावे, ब्रशचे केस पाहावेत आणि घरातील ज्येष्ठांना गार पाणी लागते का, एवढे विचारावे. उत्तर ‘सणक जाते’ असे आले तर ब्रश आणि पेस्ट बदलावी व सवडीने तपासणी करावी. उत्तर ‘ठणकते’ असे आले तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यावी.

जय जिनेंद्र!